वैमानिक व्हायचे आहे? मग पायऱ्यांचा क्रम चुकवू नका

वाघोलीत राहणाऱ्याला विमानाचे अप्रूप उरलेले नाही. लोहगावचा विमानतळ जवळच आहे. खाणीत दगड फोडणारा, बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणारा, सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारा आपला माणूस दिवसातून कितीतरी वेळा मान वर करून विमान पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. 1 जानेवारीला याच नगर रस्त्याने लाखो बांधव भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात, तेव्हाही विमाने डोक्यावरून जातच असतात. ती चालवणारे आपल्या घरातले नसतात, एवढेच.

अलीकडे मात्र चित्र बदलते आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींचे आईबाप आमच्याकडे येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "साहेब, पोरगं पायलट व्हायचं म्हणतंय. काय करावं?" दोन तऱ्हांचे पालक आम्ही पाहिले. एक तऱ्हा मुलाला दटावणारी : "आपली ऐपत काय, बोलतोस काय!" दुसरी तऱ्हा, कोणा एजंटाच्या सांगण्यावरून गावाकडची जमीन विकायला निघालेली. आमच्या मते दोन्ही वाटा घाताच्या आहेत. स्वप्न मारायचे नाही आणि त्यासाठी घरही बुडवायचे नाही, यासाठी पायऱ्यांचा क्रम ठाऊक हवा. ज्या पायरीला पैसा कमी लागतो ती आधी, ज्या पायरीला जास्त लागतो ती शेवटी. हे एक सूत्र लक्षात ठेवले तरी या लेखाचे काम झाले.

इथे आरक्षण नाही

आधी एक कटू सत्य. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथल्या भरतीत आपल्याला घटनेने दिलेले आरक्षण होते. 27 जानेवारी 2022 रोजी ती टाटा समूहाकडे गेली. आज देशातल्या सर्व मोठ्या विमान कंपन्या खाजगी आहेत आणि त्यांच्या भरतीत आपल्यासाठी राखीव जागा नाही. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई आपण लढतच राहू. पण आज बारावीला असलेल्या मुलाला त्या निकालाची वाट पाहत बसता येणार नाही.

अशा वेळी अमेरिकेतल्या मार्लन ग्रीन यांची आठवण करावी. हे कृष्णवर्णीय वैमानिक हवाई दलातून आलेले, हजारो तासांच्या उड्डाणाचा अनुभव असलेले. 1957 साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज करताना त्यांनी वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही. त्यांना चाचणीला बोलावले गेले. पण नोकरी मिळाली ती त्यांच्याहून कमी अनुभवाच्या गोऱ्या उमेदवारांना. ग्रीन लढले. 22 एप्रिल 1963 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1965 साली ते त्याच कंपनीत रुजू झाले. कायदा त्यांच्या मदतीला आला हे खरे. पण कायद्यापुढे ठेवायला त्यांच्याजवळ लॉगबुक होते. आपल्या मुलांचे लॉगबुकही तसेच भक्कम हवे.

पहिली पायरी : विषय आणि तब्येत

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. वय किमान 18 लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, ही वर्षानुवर्षांची अट आहे. ती सैल करण्याचा विचार 2025 साली सुरू झाला. तरी आमचा सल्ला असा की, दहावीनंतर सायन्सच घ्यावे, कारण पुढचा सारा अभ्यास याच दोन विषयांवर उभा आहे. कॉमर्स किंवा आर्ट्सने बारावी झालेल्यांनी निराश होऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात.

त्यानंतर लगेच वैद्यकीय तपासणी. आधी दुसऱ्या श्रेणीची, मग पहिल्या श्रेणीची. परवान्यासाठी पहिली श्रेणी सक्तीची आहे. डोळे, कान, हृदय, रक्त, सारे तपासले जाते. चष्मा आहे म्हणून वाट बंद होत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र अडचणीचा ठरू शकतो. या तपासणीचा खर्च हजारांत आहे आणि उड्डाणाचा खर्च लाखांत. म्हणून दोन्ही तपासण्या होऊन कागद हातात येईपर्यंत कोणत्याही संस्थेत एक रुपयाही भरू नये. फी भरून झाल्यावर हृदयाचा दोष कळला तर ते पैसे कोण परत देणार?

दुसरी पायरी : लेखी परीक्षा

डीजीसीएच्या परीक्षांत नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे मुख्य विषय. प्रत्येक पेपरात 70 टक्के लागतात. शिवाय बिनतारी यंत्रावर बोलण्याचा परवाना वेगळा. हे पेपर उड्डाण सुरू करण्याआधी देता येतात. पुस्तके घेऊन घरी, विहारात, अभ्यासिकेत बसून तयारी करता येते. मुलाची खरी जिद्द इथेच कळते. नेव्हिगेशनचा पेपर दोनदा देऊनही सुटत नसेल, तर लाखो रुपये ओतण्याआधी थांबून विचार करायला जागा राहते. फक्त निकालाला मुदत असते, हे ध्यानात ठेवून आखणी करावी.

इंग्रजीचे भय आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना फार. त्यांना आम्ही सांगतो : विमानातले इंग्रजी म्हणजे साहेबी इंग्रजी नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चौथ्या पातळीचे इंग्रजी पुरते. बोलण्यात मातृभाषेची छटा असली तरी चालते. समोरच्याला नीट कळले पाहिजे. ठराविक शब्द, ठराविक वाक्ये, स्पष्ट उच्चार. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि आठवड्यातून दोनदा मित्रांशी इंग्रजीत बोलणे, एवढे नववीपासून केले तर ही भिंत पडते.

तिसरी पायरी : उड्डाण आणि पैसा

परवान्यासाठी किमान 200 तास उड्डाण लागते. त्यातले 100 तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती घेऊन करायचे. त्यात दूरच्या प्रवासाचे 20 तास. शिवाय 10 तास केवळ उपकरणांवर विसंबून आणि 5 तास रात्रीचे उड्डाण हवे. खर्चाचा डोंगर इथे उभा राहतो. आज हा आकडा 40-50 लाखांवर जातो.

उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिची प्रवेश परीक्षा देशभर होते आणि तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. हा दरवाजा आधी ठोठवावा. महाराष्ट्रात गोंदिया, धुळे, शिरपूर आणि आपल्याच जिल्ह्यात बारामती येथे उड्डाण प्रशिक्षण चालत आले आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला 180 वैमानिक घडवणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने 2024 साली जाहीर केले.

संस्था निवडताना जाहिरातीवर जाऊ नये. 2025 पासून डीजीसीए या संस्थांची श्रेणी लावू लागली आहे, ती पाहावी. मग स्वतः जाऊन चौकशी करावी. उडण्याच्या स्थितीतली विमाने किती? शिक्षक किती? मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत पुरे झाले? जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. फी एकरकमी कधीच भरू नये. जसे तास होतील तसे हप्ते द्यावेत आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी.

कर्ज काढण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. 50 लाखांचे कर्ज, 10 टक्के व्याज आणि 10 वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 66 हजार रुपये येतो. दहा वर्षांत 79 लाखांहून जास्त रक्कम फेडावी लागते. शिक्षण चालू असतानाचे व्याज वेगळेच. नोकरी दोन वर्षे उशिरा मिळाली तर हा हप्ता कोण भरील, याचे उत्तर घरात आधी ठरले पाहिजे.

मदतीच्या वाटा आहेत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्याच योजनेच्या 2010 सालच्या नियमावलीत वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात नावानिशी घातलेला होता. आपल्यातल्या किती पालकांना हे माहीत होते? समाजकल्याण कार्यालयात जाऊन आजचा नियम, उत्पन्नाची मर्यादा आणि पात्र संस्थांची यादी लेखी मागावी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. इतर मागासवर्गीय मुलांसाठी महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली. बार्टीचे कार्यालय पुण्यातच आहे. तिथे आपल्या मुलांसाठी काय सोय आहे हे विचारावे, आणि नसेल तर संघटितपणे मागावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी ही कामे अकरावीतच उरकावीत. दाखल्यापायी संधी गेली असे आपल्याकडे पुन्हा घडू नये.

चौथी पायरी : कंपनीच्या दारात

परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस 320 किंवा बोइंग 737 अशा एका जातीच्या विमानाचे खास प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. तेही लाखांच्या घरात जाते. कंपनीची निवड हाती नसताना केवळ आशेवर हा खर्च करण्याची घाई करू नये. काही कंपन्या मुलांना सुरुवातीपासून निवडून शिकवतात. त्यांचा खर्च कोटीच्या आसपास जातो आणि बंधपत्रही असते. त्यातली प्रत्येक ओळ वकिलाला दाखवून मगच सही करावी.

कंपनीच्या निवडीत लेखी परीक्षा, मनाची आणि हातांची चपळाई तपासणाऱ्या चाचण्या, गटचर्चा, सिम्युलेटर आणि मुलाखत असे टप्पे असतात. पेपर किती प्रयत्नांत सुटले, हेही विचारले जाते. खरे तेच सांगावे. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली; परवाने गेले, अटका झाल्या. "पेपर काढून देतो" म्हणणारा एजंट दिसला की दुरूनच जय भीम करावा.

मुलाखतीत आणखी एक गोष्ट पारखली जाते : हा मुलगा वरिष्ठाला चूक दाखवू शकेल का? 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकली आणि 583 माणसे गेली. पुढचे विमान धावपट्टीवरून हटले नसेल, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर जगभर शिकवले जाऊ लागले की, कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना मान खाली घालून "होय मालक" म्हणायला लावले गेले. काळाम सुत्तात तथागतांनी दिलेली शिकवण याच्या उलट आहे : कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. घरात मुलाला प्रश्न विचारू द्या. वडिलांची चूक आदराने दाखवणारा मुलगा उद्या कॅप्टनलाही वेळेवर सावध करील.

आणि पंचशीलातले पाचवे शील! उड्डाणाआधी 12 तास मद्याला शिवायचे नाही असा नियम आहे आणि श्वासाची तपासणी होते. पहिल्यांदा दोषी ठरला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. व्यसनमुक्त घर ही या नोकरीची बिनपैशाची तयारी आहे.

मुलीही आणि दुसरा आधारही

हे सारे मुलींनाही लागू आहे. नोव्हेंबर 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचे फक्त महिलांनी चालवलेले पहिले विमान उडाले, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. एक मराठी बाई. अमेरिकेत बेसी कोलमन या शेतमजुराच्या कृष्णवर्णीय मुलीला तिथल्या एकाही शाळेने उडायला शिकवले नाही. तिने नखे रंगवण्याचे काम करीत पैसा जमवला, फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि 1921 साली परवाना मिळवला. फ्रान्सला जाण्याचा सल्ला तिला देणारा होता एका कृष्णवर्णीय साप्ताहिकाचा संपादक.

तरीही सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. किंगफिशर 2012 साली, जेट एअरवेज 2019 साली आणि गो फर्स्ट 2023 साली बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले. म्हणून बाहेरून का होईना, पदवी पुरी करावी. पैसा नसलेल्या हुशार मुलामुलींनी एनडीएची वाट आवर्जून धरावी. तिथे उड्डाणाचा खर्च सरकार करते, आणि 2022 पासून तिथे मुलीही दाखल होऊ लागल्या. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते. ते प्राधिकरण सरकारी आहे आणि तिथे आपले आरक्षण आजही आहे.

वाघोलीच्या आणि प्रत्येक वस्तीच्या विहार समित्यांना आमची विनंती आहे. वर्षावासाच्या काळात एक रविवार या कामासाठी द्यावा. नववी ते बारावीची मुले आणि त्यांचे पालक बोलवावेत, शिष्यवृत्तीचे अर्ज तिथेच समजावून सांगावेत, डोळ्यांची तपासणी ठेवावी. पन्नास मुलांतून एकच वैमानिक होईल; उरलेल्या मुलांचे गणित आणि इंग्रजी तरी पक्के होईल. तोटा कोणाचाच नाही.

जय भीम!