पाचशे प्रती कुणासाठी?

निवृत्त झाल्यावर ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला सकाळचे साडेआठ मोकळे मिळतात. आयुष्यभर त्या वेळी तो फलाटावर उभा असतो. आता हातात चहा असतो, खिडकीत वर्तमानपत्र असतं आणि मनात येतं, आपलं आयुष्य लिहून काढावं. या इच्छेची थट्टा मी करणार नाही. बँकेची नोकरी सांभाळून मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे असे नवे लेखक फाईल घेऊन माझ्याकडे येतात. फाईलमध्ये जुन्या डायरीची पानं, फुलस्केप कागद, हल्ली सुनेने टाइप करून दिलेला मजकूर. पहिला प्रश्न ठरलेला : "एखादा चांगला प्रकाशक सुचवा." हे वाचणार कोण, असं मात्र कुणी फारसं विचारीत नाही.

ते आधी ठरवायला हवं, कारण छपाईचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून असतो. ज्याचं नाव झालेलं नाही त्याचं आत्मचरित्र प्रकाशक सहसा लेखकाच्याच खर्चाने काढतो. त्यात गैर काही नाही, पण व्यवहार व्यवहारासारखा करावा. किती प्रती छापणार, त्यांतल्या तुमच्या हातात किती येणार, उरलेल्यांची मालकी कुणाची, हे करारात वाचून मगच सही करावी. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःही तो मागू शकतो. त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर कशाचे, ते विचारावं. छपाईचा हिशेब फर्म्यांवर चालतो आणि फर्मा धरतात १६ पानांचा. दहा फर्म्यांची १६० पानं होतात. तुमचे आभार १६१व्या पानावर गेले की खर्च वाढलाच, तेव्हा आभार आटोपशीर असावेत!

पाचशे प्रती काढल्या की एकेक प्रत स्वस्त पडते, हे खरं. पण शंभर वाटून झाल्या की उरलेल्या चारशे दिवाणाखाली जातात, आणि दोन खोल्यांच्या घरात दिवाणाखालची जागाही मोलाची असते. आता तीस-चाळीस प्रतीसुद्धा छापून मिळतात. दर प्रतीमागे जास्त पडतो, बिल मात्र कमी येतं. घरच्यांसाठी नि स्नेह्यांसाठी तेवढ्या पुरतात.

परक्या माणसानेही आपलं पुस्तक वाचावं असं वाटत असेल, तर खरं काम मजकुरावर आहे. बहुतेक फायली जन्मतारखेपासून सुरू होतात. मग शाळा, नोकरी, बढत्या, बदल्या, चारधाम आणि मुलाकडे न्यू जर्सीला घालवलेले सहा महिने. सगळं खरं असतं, पण वाचकाला आत शिरायला दार सापडत नाही.

फलटणच्या बेबी कांबळे यांची आठवण मी अशा वेळी काढतो. छोटंसं दुकान चालवता चालवता, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत. नवऱ्यापासून आणि मुलापासून त्यांनी ते लिखाण वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. नाव पाहा : 'जिणं आमुचं'. 'माझं' नव्हे, 'आमुचं'. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नव्हती, तरी 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून आजवर वाचली जातात. त्यांत टिळकांचा तऱ्हेवाईकपणा जितका आहे, तितकंच स्वतःवर हसणंही आहे.

आपल्याकडचं 'आमुचं' कोणतं? आंबिवलीचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. तिथल्या पाळ्या, वसाहत, भोंगा कुणी लिहायचा? २६ जुलै २००५ला कल्याणच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, ती रात्र कुणाच्या वहीत आहे?

अशाच एका बंद पडलेल्या कारखान्यातले गृहस्थ डोंबिवलीहून आले होते. युनियनच्या अधिवेशनाला अकरा पानं दिली होती आणि कारखाना बंद झाल्यानंतरच्या अडीच वर्षांना एक ओळ : 'पुढील काही काळ अडचणीचा गेला.' नंतर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा विचारलं, त्या काळात घर चाललं कसं? ते स्वयंपाकघराकडे पाहू लागले. वहिनी बाहेर आल्या.

"पोळी-भाजी केंद्रासाठी मी पहाटे चारपासून पोळ्या लाटायचे, भावजी. पण ते पुस्तकात नको. लेकीच्या सासरी ठाऊक नाही."

"मग मी लिहू तरी काय?" ते म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं. ते पान नसेल तर पुस्तकात जीव नाही, आणि ते पान छापायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा एकट्याचा नाही. मी सुचवलं, लिहा आणि वही वहिनींकडे द्या. वही त्यांच्याकडे दोन महिने राहिली. मधल्या काळात त्यांनी लेकीला स्वतःच सांगून टाकलं. वही परत आली तेव्हा 'शंभर-सव्वाशे पोळ्या' यावर पेन्सिलीने काट मारून वर लिहिलं होतं : १८०.

बँकेत रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर आम्ही सही केली होती. कुणाचं कर्ज थकलं, कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवले, हे ठाऊक असूनही ओठ मिटून राहायचं. कादंबरीत नावगाव बदलता येतं; आत्मचरित्रात ती सोय नाही. वडिलांना आलेलं पत्रसुद्धा कागद म्हणून तुमचं, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. छापण्याआधी त्यांना विचारावं. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, असं कायदा मानतो. भावाभावांतला वाटणीचा तंटा लिहिताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठवायची असते; स्वतःच प्रकाशक झालात तर ते काम तुमचं. मी आणखी दोन प्रती बाजूला ठेवायला सांगतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं. तिथे विचारून एकेक द्यावी. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दर शनिवारी आपल्या वाचनालयात जाऊन स्वतःच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचे तारखांचे शिक्के मोजतात. गेल्या खेपेला सात झाले होते.