डॉक्टर, माझा आयएनआर किती हवा?

हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय आणि रोज वॉरफेरिन किंवा अॅसेनोकुमारॉलची गोळी चालू आहे? मग परीक्षेच्या तारखांसारखा एक आकडा पाठ हवाच : आयएनआर. तो घसरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. तुमची रेंज डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

पालक-मेथी सोडू नका, प्रमाण मात्र सारखं ठेवा. मेसमध्ये आठवडाभर बटाटा आणि घरी गेल्यावर रोज पालेभाजी, की आकडा हललाच! डोकं दुखलं म्हणून रूममेटची आयबुप्रोफेन नको. कालची गोळी राहिली, म्हणून आज डबल तर नकोच नको.

डोस बदलला? ‘का बदलला? पुन्हा टेस्ट कधी?’ ओपीडीत कितीही गर्दी असो, डायरी पुढे करा आणि विचारा. लाजू नका. गोळी तुम्ही घेताय, उत्तरही तुम्हालाच हवंय.