नदीखालचा महाल

लोहारा तालुक्यातल्या माकणीजवळ तेरणा नदी मातीच्या भिंतीने अडवली आहे. माकणीच्या नैर्ऋत्येला, नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदी दगडी भिंतीने अडवली आहे. माकणीचे धरण स्वातंत्र्यानंतरचे, नळदुर्गचे १६१३चे. दोन्ही गावे धाराशिव जिल्ह्यातलीच, पण तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते, तर बोरीचे भीमेतून कृष्णेला. माकणीच्या भिंतीत फक्त पाणी सोडण्याची सोय आहे. नळदुर्गच्या भिंतीत महाल आहे, आणि भिंतीवरून पलीकडच्या जोडकिल्ल्यात जाण्याची वाट. छप्पर असलेल्या पुलाला जवळची म्हणावी अशी वास्तू या भागात हीच.

असे पूल मूळचे थंड, लाकूडफाट्याच्या प्रदेशांतले. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा पूल चौदाव्या शतकातला. अमेरिकेत व्हरमाँट आणि पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकातले कितीतरी अजून उभे आहेत. छप्पर वाटसरूसाठी घालतात हा समज चुकीचा. ते असते पुलाच्या तुळयांसाठी. उघड्या लाकडी पुलाच्या सांध्यांत पाणी मुरले की वीसेक वर्षांत तो कुजतो; झाकलेला शंभरी ओलांडतो. मराठवाड्यात लांब, सरळ वाढणारे लाकूड मुळातच कमी, त्यात वाळवी. नद्याही वर्षातले सात-आठ महिने उतारावरून पायी ओलांडता येण्याजोग्या. त्यामुळे लाकडी पुलाची परंपराच इथे रुजली नाही. काळा दगड मात्र हवा तितका होता.

नळदुर्ग बहमनींकडून आदिलशाहीत आला. किल्ल्याला बोरीचा वेढा आहे आणि नदीपलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात मीर मुहम्मद इमादीन या स्थपतीने या दोहोंच्या मध्ये बंधारा घातला. तसा फारसी शिलालेख महालातच आहे. एका बांधकामात तीन कामे साधली: किल्ल्याला पाणी मिळाले, खंदकाचे काम करणारा जलाशय तयार झाला आणि दोन किल्ले जोडले गेले. इब्राहिम संगीताचा वेडा, दख्खनीत ‘किताब-ए-नवरस’ रचणारा राजा. त्यामुळे चौथे काम, भिंतीतला महाल, निव्वळ हौसेचे निघाले, यात नवल नाही.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायऱ्या पोटात उतरतात. खाली कोरीव कमानींचे छोटेखानी दालन आहे. त्याच्या खिडक्या पाणी साठते त्या बाजूला नाहीत, ते पडते त्या बाजूला आहेत. भिंतीला दोन सांडवे आहेत. त्यांतून कोसळणाऱ्या धारांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. सांडवे वाहू लागले की पाणी महालाच्या डोक्यावरून पुढे झेपावते आणि खिडक्यांसमोर पडदा धरते. आतला माणूस कोरडाच राहतो, असे सांगतात. ल्युसर्नच्या छपराने पाणी पुलापासून दूर ठेवायचे, तर इथे छपरानेच नदी वाहून न्यायची, इतका हा फरक आहे.

याचे जवळचे भावंड इराणात सापडते. इस्फहानचा खाजू पूल १६५०च्या सुमारास दुसऱ्या शाह अब्बासने बांधला. तोही पूल आणि बंधारा, आणि मधोमध शाही बैठकीचा मंडप. नळदुर्गची भिंत त्याच्याआधी साडेतीन दशके उभी होती. मात्र खाजूत माणूस पाण्याच्या वर बसतो.

आदिलशाहीनंतर किल्ला मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे गेला. १८५३च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या कारभारात आला, तेव्हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक मेडोज टेलर नळदुर्गात राहून तो सांभाळत होता. जिल्ह्याचे ठाणेही तेव्हा इथेच होते. ते विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवला हलले.

आता नर-मादी वाहणार की नाही, हे वरच्या अंगाच्या बोरी प्रकल्पावर ठरते. तो भरून सांडला की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची वाहने किल्ल्याकडे वळतात. दुष्काळी वर्षी पायऱ्या उतरून जाणाऱ्याला खिडकीतून नदीचा उघडा खडक तेवढा दिसतो.