आधी गाव, मग आडनाव

कुळाचा शोध घेणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक आडनाव धरून निघतो, दुसरा गाव धरून. मी दुसऱ्या पंथातला, आणि या वयात धर्मांतर करायचा विचार नाही.

देशावर आणि तळकोकणात पहिल्या पंथाचं निभून जातं. तिथे कुलवृत्तांत छापलेले असतात, एकाच आडनावाची माणसं संमेलनं भरवतात, मूळ पुरुषावरून थोडी हमरीतुमरी होते आणि जेवणं उरकतात. गोव्यात, विशेषतः तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत, हा मार्ग चार पावलांवर बुजतो. बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. त्यामुळे एका घराण्यात दोन-तीन आडनावं चालत आणि ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी शेकडो कुळं डिसोझा होऊन बसली. तरीही ‘आमचे डिसोझा मूळचे कोण?’ असं विचारणारे भेटतात आणि त्यांना छातीठोक उत्तर देणारे विद्वानही भेटतात. मी फक्त गाव कुठला, वाडा कुठला, एवढंच विचारतो.

चर्चच्या वह्या कशा सुरू झाल्या ते जाणकारांना ठाऊक आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये बाप्तिस्मे आणि लग्नं लिहून ठेवायला लावली, १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं त्यात मृत्यूंची भर घातली. गोव्यात अगदी सुरुवातीचं फारसं काही हाती लागत नाही. पाऊस आणि वाळवी यांना दोष देतात, पण शाईही तेवढीच दोषी. लोहयुक्त शाई कागद खाते. पान उजेडात धरलं तर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं दिसतात. अशी वही उघडताना पान वरच्या कोपऱ्याला धरून उचलू नये, खालून तळहात सरकवावा.

बाप्तिस्म्याची नोंद चार-सहा ओळींची. तारीख, चर्च, बाळाचं नाव, औरस असल्याचा शेरा, आई-बाप, पादिन-मादिन (म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता) आणि शेवटी पाद्रीची सही. नवखा माणूस आई-बापांची नावं उतरवून पान उलटतो. मी पादिन-मादिनपासून सुरुवात करतो. पाच भावंडांचे पादिन एका कागदावर मांडले की कुठल्या मामाचं घर जवळचं, कुठल्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, आश्रयानं कुटुंब राहत होतं, याचा अंदाज येतो. मग समास पाहावा. लग्न झालं की ते वधू-वरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी टिपायचं, हा दंडक १९०८ पासून लागू झाला. त्यामुळे एखाद्या मुलीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात कराची, रंगून किंवा मोंबासाचं चर्च सापडतं. घरच्यांना ‘आफ्रिकेतली आत्या’ एवढंच ठाऊक असतं. समासात नवऱ्याचं नावही मिळून जातं.

लग्नाच्या कागदांत माझा जीव सूटपत्रांत गुंतलेला. चौथ्या पिढीच्या आतलं नातं असेल तर लग्नाला चर्चची सूट लागे, आणि ती मागताना नातं कुठून फुटलं ते दाखवावं लागे. चुलत-मावस भावंडांनी प्रेम केलं म्हणून आपल्याला आयती वंशावळ मिळते.

पण या साऱ्याला कणा मिळतो तो गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, दप्तरातून. वांगड म्हणजे मूळ कुळांचा गट, त्यातले गावकार, त्यांचा जोण म्हणजे उत्पन्नातला वाटा. हे दप्तर जमिनीचं, कुळाचं नव्हे, असं आमच्या क्षेत्रातले काही जाणते अजून म्हणतात. अहो, जोण मिळायचा पुरुषवंशाच्या हक्कानं, मग वंश न लिहून चालेल कसं? आडनाव बदललं, वांगड बदललं नाही. आणि हे दप्तर फक्त ख्रिस्त्यांचं आहे असंही समजू नये. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवाबरोबर काही घरं गेली, काही तिथेच राहून बाटली. म्हणून कुठ्ठाळीच्या चर्चची वही आणि मंगेशीच्या महाजनांची यादी एकाच टेबलावर ठेवायला हवी. मुंबई-पुण्यातले सारस्वत दुसरी मागतात, पहिलीकडे ढुंकून पाहत नाहीत.

गोव्याबाहेरचा आढावा थोडक्यात. वसईची जुनी दप्तरं मराठ्यांच्या १७३९ च्या मोहिमेच्या धामधुमीत बरीचशी गेली. मुंबईत १७९४ ते १९२८ पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाच्या आश्रयाची) आणि प्रोपागांदा (थेट रोमची) अशा दोन धर्मसत्ता शेजारी-शेजारी नांदत होत्या. एका गल्लीतली दोन घरं दोन बिशपांची. नोंद मिळाली नाही की आधी दुसऱ्या सत्तेचं चर्च पाहावं. इंग्रज अमदानीतल्या नोंदींच्या नकला लंडनला गेल्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनसाठी १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ चाळावा. त्यात रमणारे रमोत.

आता सूच्या. इतिहासकार पिसुर्लेकरांनी १९५५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या दप्तरखान्यांची मार्गदर्शिका छापली. ती न वाचता पणजीच्या दप्तरखान्याची पायरी चढणाऱ्याला परत पाठवावं, असं माझं मत आहे. छापील पुस्तकांसाठी शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’. कुठल्या घराण्यानं आपला वृत्तांत कधी छापला ते तिथे कळतं. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन मंडळींनी जगभरच्या चर्चवह्यांच्या फिल्म घेतल्या. त्यांची सूचीही स्थळावरून शोधता येते, याचा मला पंथाभिमानानं आनंद होतो. तरी लोक तिथेही आडनाव टाकतात, हजारो डिसोझा पाहतात आणि मग नळीत थुंकून ती प्रयोगशाळेला पाठवतात.

माझ्या ओळखीच्या एका ग्रंथालयानं संगणक आल्यावर कार्डांचे खण रद्दीत काढले. पुस्तकाचं नाव, लेखक, साल यंत्रात गेलं. कार्डांच्या पाठी जुन्या ग्रंथपालांनी पेन्सिलीनं लिहिलेलं कुणी उतरवलं नाही: अमक्या नोव्हेनाच्या पुस्तिकेच्या शेवटी देणगीदारांची वाड्यांप्रमाणे यादी आहे, तमक्या स्मरणिकेत फेस्ताच्या प्रेजेंतांची, म्हणजे यजमानांची, नावं आहेत. त्या पुस्तिकेपुढे आता विषय म्हणून ‘धर्म’ एवढाच शब्द आहे. मी तिथल्या तरुण ग्रंथपालबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आडनाव विचारलं.