अंगठी की घड्याळ?

नाडीपरीक्षा ही वैद्यकातील फार जुनी विद्या होय. वैद्य रोग्याचे मनगट हाती घेई आणि बोटांच्या अग्रांनी नाडीची गती जाणून घेई. ती गती काळाच्या मापाने मोजावी म्हणून सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले व १७०७ साली त्याची माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या काळी घड्याळ वैद्याच्या हाती असे. आज ते ज्याची नाडी मोजावयाची त्याच्याच मनगटावर असते. आणि अलीकडे तर त्याचे काम बोटातली अंगठीही करू लागली आहे.

दोहोंची मूळ युक्ती एकच. रक्त हिरवा प्रकाश पुष्कळ शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि त्या क्षणी उलट येणारा प्रकाश किंचित उणावतो. हे चढउतार मोजले की नाडीची गती कळते. रक्तातील प्राणवायूचे मान मात्र तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या तुलनेने काढतात. ही कल्पना ताकुओ आओयागी या जपानी संशोधकाने १९७४ साली मांडली.

युक्ती एक असली तरी जागा भिन्न आहे. बोटाच्या तळव्याकडील बाजूस रक्तवाहिन्या दाट असतात. इस्पितळातही प्राणवायू मोजण्याचा चिमटा बोटालाच लावतात. शिवाय अंगठी काही ग्रॅम वजनाची, आणि एकदा विद्युत्भारित केली की बहुधा कित्येक दिवस चालणारी. म्हणून रात्रीच्या नोंदीस ती सोयीची. अर्थात झोप गाढ होती की उथळ, हे दोन्ही साधने नाडी व हालचाल यांवरून केवळ अनुमानाने सांगतात. खरा निर्णय मेंदूतील विद्युत्लहरी नोंदल्याशिवाय होत नाही.

दिवसा मात्र घड्याळ वरचढ ठरते. धावता धावता त्यावर दृष्टी टाकता येते. अंगठीला मुखपृष्ठच नाही. त्याहूनही मोठा भेद हृदयाच्या विद्युत् आलेखाचा. एका हाताच्या मनगटावर घड्याळ व त्यावर दुसऱ्या हाताचे बोट टेकले की हृदयातून जाणारे वर्तुळ पुरे होते. ॲपल कंपनीच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली. मधूनच छातीत धडधड होऊन ती दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबत असेल, अशा मनुष्यास त्या क्षणीचा आलेख डॉक्टरांना दाखविता येतो. तथापि हृदयविकाराचा झटका अशा घड्याळास ओळखता येत नाही. छातीत कळ आली असता आलेख पाहत बसणे हा घातक मूर्खपणा होय. सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून व अंगठ्यांपासून दूर राहण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला, तोही मधुमेही मनुष्याने ध्यानी ठेवावा.

यंत्रावर काम करणाऱ्याने, मग तो सुतार असो वा कारखान्यातील कामगार, कामाच्या वेळी अंगठी घालूच नये. ती यंत्रात अडकली तर बोट जाण्याचे भय असते. इतरांनी ती विकत घेण्यापूर्वी मापाकडे लक्ष द्यावे. उष्म्याने बोट फुगते, थंडीने आक्रसते. म्हणून काही कंपन्या आधी निरनिराळ्या मापांची साधी कडी पाठवितात. त्यांतील एखादे एक दिवस व एक रात्र बोटात ठेवून पाहावयाचे असते.