समजूत तपासायची कशी?

२, ४, ६. हे तीन आकडे एका नियमात बसतात. तो नियम तुम्ही ओळखायचा. त्यासाठी तीन-तीन आकड्यांचे हवे तेवढे संच सुचवा. तो संच नियमात बसतो की नाही, एवढेच तुम्हाला सांगितले जाईल. खात्री पटली की नियम जाहीर करायचा.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. अशा वेळी माणसे साधारणपणे ८, १०, १२ विचारतात. उत्तर येते, 'बसतो'. मग २०, २२, २४. पुन्हा 'बसतो'. चार-पाच होकार मिळाले की 'दोन-दोनने वाढणारे आकडे' असे ठामपणे सांगितले जाते. वेसन यांच्या प्रयोगातही बहुतेकांनी पहिल्यांदा जाहीर केलेला नियम चुकला. खरा नियम एवढाच होता: प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, २, ३ चालले असते, ५, १७, ९० देखील चालले असते.

यात कोणी कोणाला फसवले नव्हते. मिळालेला प्रत्येक होकार खरा होता. तरीही निष्कर्ष चुकला, कारण होकार मिळेल असेच प्रश्न विचारले गेले. ६, ४, २ विचारून पाहू, ३, ७, ८ विचारून पाहू, आपला अंदाज मोडतो का ते बघू, हे फार थोड्यांना सुचते. स्वतःच्या समजुतीला दुजोरा देणारेच पुरावे शोधण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात 'पुष्टीचा पूर्वग्रह' म्हणतात.

घरोघरी ऐकू येणारे 'तीन तिघाडा, काम बिघाडा' घ्या. तिघे मिळून गेले आणि काम फसले, ही घटना वर्षानुवर्षे लक्षात राहते. पण ही समजूत तपासायची तर चार प्रकारच्या घटना मोजाव्या लागतील: तिघे गेले आणि काम फसले, तिघे गेले आणि काम झाले, तिघे नव्हते तरी फसले, तिघे नव्हते आणि झाले. आपली आठवण पहिला रकाना भरते आणि उरलेले तीन कोरे ठेवते.

'मी माणूस पाहताक्षणी ओळखतो' ही समजूत अंधश्रद्धेच्या यादीत कोणी घालत नाही, पण तिचीही गत तीच आहे. मुलाखती घेऊन उमेदवार निवडणाऱ्या अधिकाऱ्याला आपण निवडलेली माणसे चांगली निघालेली दिसतात. ज्यांना नाकारले, त्यांनी पुढे दुसरीकडे काय कर्तबगारी दाखवली, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. चूक कळण्याची वाटच बंद असल्यामुळे अनुभव वाढत जातो तसा फक्त आत्मविश्वास वाढतो.

विरुद्ध पुरावा समोर आणून ठेवला तरी काम भागत नाही. १९७९ मध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील ४८ विद्यार्थ्यांना दोन संशोधनांची टिपणे वाचायला दिली. निम्मे विद्यार्थी फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे होते, निम्मे विरोधातले. एका टिपणानुसार फाशीमुळे गुन्ह्यांना आळा बसत होता, दुसऱ्यानुसार बसत नव्हता. दोन्ही गटांना आपल्या बाजूचे संशोधन भक्कम वाटले, दुसऱ्यातल्या उणिवा मात्र चटकन दिसल्या. दोन्ही बाजू वाचून झाल्यावर आपले मत आणखी पक्के झाले, असेच दोघांनीही सांगितले.

यावरचा एक उपाय १९८४ मध्ये तपासला गेला. एका गटाला दिलेल्या 'निःपक्षपातीपणे विचार करा' या सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला मात्र नेमका प्रश्न दिला होता: हेच संशोधन याच पद्धतीने झाले असते, पण निष्कर्ष उलटा आला असता, तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का? या प्रश्नाने पूर्वग्रहाचा जोर ओसरला.

हा प्रश्न विवेकवादी वाचकांनीही स्वतःला विचारायला हवा. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश आले सुमारे ४६ टक्के. नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आले असते.

हा निकाल वाचून ज्यांना बरे वाटले, त्यांनी उलटा प्रश्न करून पाहावा. यश ७० टक्के आले असते, तर 'फक्त २७ ज्योतिषी, एवढ्यावरून काय ठरते?' असे आपण म्हटले नसते का? म्हणून ही शंका आताच तपासू. ज्योतिषी २७ असले, तरी प्रत्येकी ४० याप्रमाणे उत्तरे १०८० होतात. ४० पैकी २८ किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. म्हणजे कुंडलीत बुद्धिमत्ता खरोखर दिसत असती, तर या चाचणीत ती लपून राहिली नसती. निकाल शंकेला टिकतो. त्याचबरोबर त्याची मर्यादाही कळते: तपासला गेला तो बुद्धिमत्तेचा दावा, फलज्योतिषाचे बाकीचे दावे नव्हेत.

या चाचणीतली खरी शिकण्यासारखी गोष्ट तिची रचना आहे. काय घडले तर दावा खरा आणि काय घडले तर खोटा, हे उत्तरे येण्याआधीच स्पष्ट होते. नंतर सारवासारव करायला जागा नव्हती.

चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय नोंदवली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी माहिती दिसली की तो ती लगेच टिपून ठेवी, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात, हे त्याने अनुभवले होते. त्यामुळे त्याच्या सिद्धांतावर पुढे घेतल्या गेलेल्या फार थोड्या आक्षेपांचा त्याने आधी विचार केलेला नव्हता.

तुम्हीही आपली एक समजूत निवडा. ती मुलांना वळण लावण्याविषयी असेल, एखाद्या औषधाविषयी असेल किंवा एखाद्या जातीच्या वा गावच्या लोकांविषयी. ती वहीत लिहा. तिच्याखाली लिहा, 'काय दिसले तर मी ही समजूत सोडेन?' मग तेच शोधायला लागा, आणि अनुकूल-प्रतिकूल दोन्ही घटना तारखेनिशी टिपा. त्या प्रश्नाखाली लिहायला काहीच सुचले नाही, तर ती समजूत आपण आजवर एकदाही तपासलेली नाही, हे निश्चित समजा.