‘दात झिजलेत’ हे डोळ्यांनी किती कळतं?

एक डेंटिस्ट म्हणतो, ‘वयानुसार आहे, काही करू नका.’ दुसरा तेच दात पाहून म्हणतो, ‘बरीच झीज आहे, कॅप बसवाव्या लागतील.’ मग घरी चर्चा सुरू होते, की यातल्या एकाला काही कळत नाही किंवा दुसऱ्याला पैसे काढायचेत. दोन्ही शक्य आहे म्हणा! पण दोघेही प्रामाणिक आणि जाणकार असूनही असा फरक पडू शकतो, कारण झीज हे मोजमाप नसून बराचसा अंदाज असतो.

दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल आणि त्याखालचा पिवळसर थर म्हणजे डेंटिन. डेंटिन उघडं पडलं की पिवळं दिसणारच, मग चूक कशी होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात पातळ झालेल्या इनॅमलमधूनही तो पिवळेपणा दिसतो. काढलेले दात आधी नुसत्या डोळ्यांनी तपासून, नंतर त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा अनुभवी तपासनीसांचे अंदाजही बऱ्याच ठिकाणी चुकल्याचं दिसलं. अडचण अशी की १९८४ची स्मिथ आणि नाइट यांची श्रेणीपद्धत वरच्या पायऱ्यांवर याच प्रश्नावर टेकलेली होती : डेंटिन किती उघडं पडलं? २००८मध्ये बार्टलेट, गान्स आणि लुसी यांनी सोपी पद्धत सुचवली. तोंडाचे सहा भाग करायचे, प्रत्येक भागातल्या सर्वांत झिजलेल्या पृष्ठभागाला ० ते ३ गुण द्यायचे, बेरीज जास्तीत जास्त १८. दोन की तीन हे ठरतं पृष्ठभाग निम्म्यापेक्षा कमी गेला की जास्त यावर. डेंटिनचा वाद बाजूला राहतो. तरी शून्य की एक, म्हणजे नुसती चकाकी गेली आहे की नाही, इथे मतभेद उरतातच. खूप झिजलेल्या दाताबद्दल सहसा वाद होत नाही; वाद होतो तो सुरुवातीच्या झिजेबद्दल.

‘दोघांचं ९० टक्के जुळलं, म्हणजे तपासणी भरवशाची’ हा समज तर शिकलेल्यांमध्येही आढळतो. समजा, दोघांनी दातांचे तेच १०० पृष्ठभाग तपासले आणि प्रत्येकाने १० झिजलेले ठरवले. ८५ चांगले आहेत यावर दोघांचं एकमत, ५ झिजलेत यावर एकमत, उरलेल्या १०वर मतभेद. एकमत ९० टक्के! पण बहुतेक दात चांगलेच असल्यामुळे दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ८२ टक्के जुळलंच असतं. हा योगायोग वजा करणारा आकडा म्हणजे कप्पा. तो इथे येतो फक्त ०.४४; पूर्ण एकमताला तो १ असतो. आणि एकाने झिजलेले म्हटलेल्या दहांपैकी दुसऱ्याला मान्य किती? निम्मे. म्हणून सर्वेक्षणाआधी तपासनीसांना एकाच रुग्णांवर सराव देतात आणि काही रुग्ण पुन्हा तपासायला लावतात, कारण माणसाचं स्वतःशीही दरवेळी जुळतंच असं नाही.

कारणाचं निदान त्याहून अवघड. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत झाली असेल तर पोटातलं आम्ल वर येतंय का, ही शंका रास्त असते. वरखालचे सपाट झालेले भाग एकमेकांवर नेमके बसत असतील तर घर्षणाची. पण कारणं एकेकटी येत नाहीत. एखादी बाई मिशेरी लावते म्हटल्यावर कारण सापडलं असं वाटतं. तिलाच वर्षानुवर्षं आंबट ढेकरांचा त्रास असेल तर आम्लाने मऊ पडलेल्या इनॅमलवर तीच घासणी जास्त नुकसान करते. ते दाताकडे पाहून नाही, विचारल्यावरच कळतं.

‘दात सपाट झालेत, म्हणजे तुम्ही झोपेत दात खाता’ हेही असंच घाईचं विधान. गेलेलं इनॅमल परत येत नाही, त्यामुळे विशीतली सवय सुटली तरी तिची खूण चाळिशीत दिसते. सवय आज चालू आहे की नाही, हे त्या खुणेवरून ठरत नाही.

स्कॅनर आले, आता प्रश्न मिटला? एका स्कॅनमध्ये आजचा आकार कळतो; किती गेलं, हे जुन्या नोंदीशी ताडल्याशिवाय नाही. बेल्जियममधल्या १९८९च्या एका अभ्यासात दाढांच्या इनॅमलची नैसर्गिक झीज वर्षाला सुमारे २९ मायक्रॉन आढळली, आणि तोंडात फिरवायच्या स्कॅनरची स्वतःची चूकही साधारण याच मापाची असू शकते. म्हणून महिन्याभराच्या अंतराने काढलेल्या दोन स्कॅनवरून फारसं काही सांगता येत नाही.

तेव्हा झीज सांगितली गेली, की कोणता दात, कोणती बाजू, किती गुण, हे लिहून मागा. फोटो, स्कॅन किंवा दातांचा साचा जपून ठेवा आणि वर्षाने पुन्हा ताडून पाहायला सांगा. दुखत नसेल, ठणकत नसेल, तर दात कोरून कॅप बसवण्याआधी ही तुलना करून घ्या.